पानामागे चौदा रुपये

पुण्याहून फॉर्म आलाय, दोन पानी.
'मुक्त संपादक व मुद्रितशोधक : एक पाहणी.'
वय किती, लिंग कोणतं, दर काय,
आणि हे काम का करता, तीस शब्दांत.

अमळनेरला बाराच्या ठोक्याला पंचेचाळीस.
कूलरमध्ये बादली ओतून आले तेवढ्यात
माय खाटेवरून विचारते, काय करी ऱ्हायनी व?
म्हटलं, आम्हाला मोजताहेत.
ती म्हणाली, मंग मोजू दे.

फैजपूरच्या नेहेतेबाई, एकसष्ट, शाळेतून निवृत्त.
मोतीबिंदूच्या आधी रोज चाळीस पानं, आता बावीस.
रावेरची शबाना तडवी मूल झोपलं की बसते,
म्हणून तिच्या शंका येतात रात्री दीडला,
आणि त्या नेहमी बरोबर असतात.
नंदुरबारचा रोहिदास वळवी आमच्यात एकटा पुरुष.
त्याला सगळे सर म्हणतात. त्याला अठरा मिळतात.
हे त्यानेच सांगितलं फोनवर,
बराच वेळ काही न बोलता थांबून.
धुळ्याची मृण्मयी सोडून गेली.
कापडाच्या दुकानात हिशेब लिहिते,
एक तारखेला पगार, दिवाळीला साडी.
तिला कुठल्या रकान्यात घालायचं, फॉर्म सांगत नाही.

मी बावन्न. स्त्री. एकोणीस वर्षं.
चौदा रुपये पान. पान म्हणजे तीनशे शब्द,
पण त्यांचं पान उलटलं की चारशेचं निघतं,
तळटीपा धरत नाहीत,
आणि संदर्भसूची, ताई, ती तर नुसती नजरेखालून घालायची.
पैसे पुस्तक आल्यावर. पुस्तक दिवाळीत.
कुठल्या दिवाळीत, ते विचारलं की फोन तुटतो.
सावद्याला केळीचा भाव रोज फळ्यावर लागतो,
चढतो, पडतो, लोक भांडतात.
आमचा भाव सोळा साली लागला
आणि फळा पुसायलाही कुणी आलं नाही.

याला मानधन म्हणतात.
मजुरी म्हटलं तर किमान किती, ते ठरवावं लागेल.

गेल्या वर्षी एक जाड ग्रंथ तपासला,
वीटभट्टीवरच्या बायकांची रोजंदारी.
दोनशे बाराव्या पानावर तक्त्याची बेरीज चुकली होती.
ती सुधारली. मग त्याच पेन्सिलीने समासात
माझी काढून बघितली : तासाला बेचाळीस.
लगेच खोडरबर फिरवला.
समास लेखकाचा असतो.

फॉर्ममध्ये 'तपशिल' आहे, शि ऱ्हस्व.
'महीना' दीर्घ. 'पुर्णवेळ'चा पु आखडलेला.
हात थांबत नाही, अकरा चुका काढल्या.
खाली लिहिलं, दोन पानांचे अठ्ठावीस रुपये.
बरं दिसत नाही, वाटलं.
तसंच ठेवलं.

का करता, तीस शब्दांत :
नेहेतेबाई घरात लेवा बोलतात, रोहिदास देहवाली,
शबाना तडवी, मी मायशी अहिराणी.
आणि आम्ही पुण्याची मराठी शुद्ध करून
पुण्याला परत पाठवतो.
(अजून नऊ शब्द उरलेत. सुचत नाहीत.)

टेबलावर शिरपूरच्या एका पोरीची पहिली कादंबरी.
पान सदतीस. बाप पाहुण्यांना सांगतो, मनी आंडेर.
प्रकाशकाने लाल शाईने ते खोडून
वर लिहिलंय, माझी मुलगी.

खोडलेल्या शब्दांखाली मी ठिपके देते,
एकेक, टोकदार पेन्सिलीने.
आमच्या धंद्यात ठिपक्यांचा अर्थ असा,
की आहे तसं राहू द्या.
ठिपक्यांचा दर कुणी ठरवलेला नाही.

माय कूस बदलते. मोजाई गयं का?
म्हटलं, नाही अजून.
सदतिसाव्या पानावर आहे.